बाळातला ळ

मला किळस चटकन येते. ताई म्हणते, तुझं नाक काढून फडताळात ठेवलं तर तू सुखाने जगशील. पण नाक आहे आणि ते आपलं काम चोख करतं, त्याला मी काय करू? बाळ आमच्याकडे यायचा तेव्हा त्याच्याआधी त्याच्या अत्तराचा वास जिना चढून वर यायचा. मग तो पिशवीतून कारखान्याची नवी पुस्तिका काढायचा, तिच्या गुळगुळीत पानांना गोंदाचा वास यायचा. दोन्ही वास एकत्र झाले की मी उठून खिडकी उघडायची. पण त्या पुस्तिकेत जे छापलं होतं त्याची शिसारी नुसत्या वासाची नव्हती.

बाळ म्हणजे माझा भाचा, ताईचा एकुलता एक मुलगा. पन्नाशी गाठली, टक्कल पडलं, हाताखाली हजारभर माणसं आली, तरी ताईच्या तोंडी तो बाळच, म्हणून माझ्याही. त्याच्या बापाने, म्हणजे आमच्या दाजींनी, पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्यांचे पोचे काढता काढता एक दिवस स्वतःची गाडी बनवली. पुढे शेडचा कारखाना झाला, दाजी गेले, आणि आता सगळं बाळाचं आहे. गाडीचं नाव तिराली. तुमच्या गल्लीत एखादी उभी असेलच.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत नावाचा अर्थ दिला होता. तिराली हा म्हणे जुन्या नावाड्यांचा शब्द. तीर अधिक आली. वादळातून सुखरूप तीराला आली ती तिराली. खाली लिहिलं होतं की आमच्या संस्थापकांनी हे नाव आपल्या सहचारिणीकडे बघून ठेवलं, कारण ती त्यांच्या आयुष्याचा किनारा होती. मी ते ताईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, आधी ठरवा तरी, तू किनारा की किनाऱ्याला लागलेली होडी? आणि नावाडी कुठले? आमच्या गावाला नदी नाही. कारखान्यामागे एक नाला आहे, त्याच्या काठाला जे लागतं ते सुखरूप लागलेलं मी अजून बघितलेलं नाही.

ताई हसली नाही. ती बाळाने आणलेली संत्र्यांची लाल जाळीची पिशवी स्वयंपाकघराच्या दाराला अडकवत होती.

खरा अर्थ मी सांगते, कारण नाव ठेवलं तेव्हा मी तिथेच होते. शेडच्या कोपऱ्यात जाड सुईच्या मशीनवर मी पहिल्या गाडीच्या सीटा शिवत होते. लग्न झालेलं नव्हतं, हाताला काम हवं होतं, आणि दाजींना फुकटात शिवणारी मेव्हणी हवी होती. त्या दुपारी गाडी पहिल्यांदा चाकांवर उभी राहिली. दाजींनी दिवे लावले. डावा दिवा समोरच्या भिंतीवर पडला आणि उजवा आतल्या बाजूला, डाव्याच्या पायात. उजव्या दिव्याची पट्टी वाकडी बसली होती. कामगार गप्प झाले, कारण दाजींचा हात तोंडाच्या आधी चालायचा. तेवढ्यात ताई डबा घेऊन आली.

माझ्या ताईचा उजवा डोळा जन्मापासून नाकाकडे बघतो.

दाजींनी तिच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारली. म्हणाले, "अरे, ही तर आमच्या घरातलीच निघाली. तिरळी!"

सगळी शेड हसली. मार वाचला म्हणून अर्धे हसले आणि उरलेले साहेबांना बरं वाटावं म्हणून. ताईने डबा बाकावर ठेवला, झाकण घट्ट आहे ना ते दाबून बघितलं आणि आल्या पावली परत गेली. ती दाराबाहेर पडायच्या आत रंगाऱ्याने खडूने बॉनेटवर लिहूनही टाकलं. आपल्याकडे नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका टिंबाचा फरक आहे. दाजींनी त्या दिवशी दोन्ही कामं एका झटक्यात उरकली.

मग कागदपत्रं करायची वेळ आली. ती करणाऱ्या एजंटाने नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं. इंग्रजीत ळ लिहायची सोय नाही. त्यांच्या एका एलमध्ये आपला ल कोंबायचा आणि ळ पण, आणि त्यांच्या एका ए मध्ये अ काय नि आ काय, सगळे एकाच खोलीतले भाडेकरू. तसली पितळी पाटी ओतून आली, गाडीच्या पाठीवर बसली, आणि बाहेरच्या लोकांनी ती वाचली तिराली. लोकांना आवडलं. दाजींनी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. शेडमध्ये मात्र गाडीही तिरळीच राहिली आणि ताईही. "तिरळी आली का रे?" असं दाजींनी ओरडून विचारलं की पोरांना आधी विचारावं लागायचं, कुठली? त्यावरही हशा व्हायचा. तो हशा आठवला तरी आजही मला तोंड धुवावंसं वाटतं.

ताई बोलायची नाही. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, जिना उतरताना शेवटची पायरी चुकायची, फोटो काढायची वेळ आली की ती आपोआप कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहायची. बाळ शाळेत जायला लागला तेव्हा एक डोळ्यांचे डॉक्टर गाडी घ्यायला आले होते. त्यांनी ताईला बघून सांगितलं की छोटंसं ऑपरेशन आहे, डोळा सरळ दिसेल. नजर फार सुधारणार नाही, पण दिसायला सरळ. ताईने आयुष्यात नवऱ्याकडे एक गोष्ट मागितली असेल तर ती ही. त्या रात्रीचं जेवण तिने मला पण बोलावून केलं होतं, विषय काढायला धीर यावा म्हणून.

दाजींनी घास चावता चावताच नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की मध्यंतरी गाड्यांचे दिवे सरळ बसवून बघितले होते, तर त्या खेपेच्या गाड्यांची इंजिनं बसली. म्हणजे वाकड्यातच बरकत आहे. तेव्हापासून ते प्रत्येक गाडीचा उजवा दिवा मुद्दाम केसभर आत वळवून घ्यायचे. आणि जिच्यावरून गाडीचं नाव पडलं तिचाच डोळा सरळ केला तर कारखान्यावर कुलूप लागेल. असं बोलून त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी वाढायला सांगितलं. ताईने वाढलं. ज्या माणसाने तुझा डोळा शुभशकुनासाठी वाकडा ठेवला त्याला तू दुसऱ्यांदा वाढतेस कशी, असं मी तिला मोरीत भांडी घासताना विचारलं. ती म्हणाली, भूक लागली होती त्यांना. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

दाजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. सुनेशी भांडण नव्हतं. घर फार मोठं होतं आणि त्यात तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती, एवढंच. माझ्या दोन खोल्यांत आम्ही दोघी एकमेकींच्या पायात पायात करतो आणि बोलायला विषय पुरतात. बाळ मात्र तेव्हा यायचा नाही. फोन करायचा, तोही गाडीत बसल्या बसल्या, मधेच ड्रायव्हरशी बोलत. ताई फोन कानाला लावून हं हं करत बसायची आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तसाच धरून ठेवायची.

मग तो अचानक दर आठवड्याला यायला लागला. हातात संत्र्यांची पिशवी, तोंडावर हसू. ताईच्या पलंगावर बसायचा, तिचे पाय मांडीवर घ्यायचा. ताईला संत्री चालत नाहीत, तिचे दात आंबतात, आवडत तर मुळीच नाहीत. ती मला सोलून द्यायची, पण एखाददुसरं शिल्लक ठेवून पिशवी दारावर लटकती ठेवायची, तो पुढच्या वेळी येईपर्यंत. मी रिकामी करायला गेले की ओरडायची. आवळा देऊन कोहळा काढणारे मी खूप बघितलेत, त्यामुळे कोहळा कुठला हे कळायची मी वाट बघत होते. दोनचार खेपांनंतर कळलं. कारखान्याला पन्नास वर्षं होणार होती, त्या दिवशी नवी गाडी बाहेर काढायची होती, आणि आईने कॅमेऱ्यासमोर आणि मग मंचावर सांगायचं होतं की तिराली या नावाचा अर्थ काय.

आधी एक शब्दपंडित आला. कारखान्याने पगार देऊन ठेवलेला. केस काळेकुळकुळीत, कपाळाला कलपाचा ओघळ. चहात बिस्कीट बुडवून ते गळून पडेपर्यंत बोलत राहायचा आणि मग तो लगदा बोटाने काढून खायचा. मला वर बघवेना. त्याने विचारलं म्हणून मी त्याला सरळ सांगितलं की साहेब, शब्द तिरळी आहे, तिरळ्या डोळ्याची ती तिरळी. तो अजिबात दचकला नाही. प्रेमाने हसला आणि मला समजावलं की मूळ शब्द तिरालीच, अडाणी कामगारांनी त्याचा अपभ्रंश करून तिरळी केलं असणार, असं नेहमी होतं. म्हणजे माझ्या बहिणीला मिळालेली शिवीसुद्धा आता तिची राहिली नाही, ती त्याच्या शब्दाची बिघडलेली पोर झाली. तो गेल्यावर मी ती कपबशी उकळत्या पाण्यात टाकली.

पुढच्या वेळी बाळ आला तेव्हा मी त्याला जिन्यातच गाठलं. म्हटलं, तुला ठाऊक नसेल तर मी सांगते. तो एका पायरीवर थांबला आणि म्हणाला की मला ठाऊक आहे मावशी, बाबा दर पार्टीत सांगायचे, साहेबलोक पोट धरून हसायचे. मला वाटलं होतं की पोराला माहीत नसेल, म्हणून तो असं करतोय. तो माहीत असून करत होता.

मी विचारलं, "मग तिच्याच तोंडून कशाला वदवतोस?"

तो म्हणाला, "दुसऱ्या कुणी सांगितलं तर जाहिरात वाटते, मावशी. आईने सांगितलं की खरं वाटतं."

हे तो इतक्या सहज बोलला की जणू मी त्याला भाजीचा भाव विचारला होता. वर जाऊन त्याने आईच्या पायांना तेल चोळलं.

मी ताईला सगळं सांगितलं, अगदी शब्द न शब्द. मला वाटलं ती चिडेल. ती चादरीची घडी घालत होती, ती तिने पुरी केली. मग म्हणाली की मला कळत नाही असं वाटतं का तुला? येतो ना तो. बसतो ना तासभर. एक ओळ तर बोलायची आहे, तुझं काय जातं? माझं काही जात नव्हतं हे खरंच. तिला मुलगा परत मिळाला होता, भाड्याने का होईना, आणि ते भाडं तिला परवडत होतं. माझा राग मग तिच्यावरही निघाला. मी तिला म्हटलं की तुला कणाच नाही. ती म्हणाली, आहे, दुखतो रात्री, जरा चोळून दे.

मग एके दिवशी शूटिंगवाले सकाळीच आले आणि घरात चपला घालून फिरले. कुकर, औषधांच्या बाटल्या, माझं शिवणाचं मशीन, सगळं मोरीत नेऊन टाकलं आणि त्या जागी कुठून तरी आणलेली वेताची खुर्ची आणि फुलदाणी ठेवली. फुलं कापडाची होती आणि त्यांच्यावर धूळ होती. एका मुलीने ताईच्या तोंडावर पावडरीचा ब्रश फिरवला. तो ब्रश त्याआधी किती तोंडांवरून फिरला असेल ते त्यालाच ठाऊक, त्याच्या केसांत कुणाची तरी लाली अडकली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावला. कॅमेरावाला ताईला इकडे बघा, तिकडे बघा, मान जरा वळवा असं करत होता. शेवटी त्याने काळा चष्मा दिला. ताईने तो काढून त्याच्या हातात परत दिला. म्हणाली, यातून मला बाळ दिसत नाही. बाळ कॅमेऱ्यामागे उभा होता.

तिला म्हणायचं होतं, ते म्हणाले, तू माझ्या आयुष्याचा किनारा आहेस, म्हणून गाडीचं नाव तिराली. पहिलं अर्धं वाक्य तिने बरोबर म्हटलं. दाजींनी तिला आयुष्यात 'अगं ए' याच्यापलीकडे काही म्हटल्याचं मला आठवत नाही, तरी म्हटलं. पण नावाशी आली की तिची जीभ वळायची आणि टाळूला लागायची. तिरळी. पुन्हा घेतलं. तिरळी. पन्नास वर्षं जो शब्द कानात ओतला तो एका सकाळीत कसा निघणार? ती मुलगी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिला शिकवायला लागली. आजी, ल. जीभ दातांमागे ठेवा. लसणातला ल. ला, ला, ली. आणि माझी म्हातारी बहीण तिच्या तोंडाकडे बघून जीभ दातांमागे ठेवत होती. ला, ला, ली. स्वतःची शिवी गोड करून म्हणायला शिकत होती. बाळ मान हलवून शाबासकी देत होता, जशी ताई त्याला बाराखडीच्या वेळी द्यायची.

मी मोरीत जाऊन ओकले. लाज वाटायचं कारण नाही, सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. बाहेर आले तेव्हा तिला जमलं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते. ताई माझ्याकडे बघून जरा हसली आणि मग बाळाकडे बघून पुष्कळ हसली.

सोहळा एका मोठ्या हॉलमध्ये होता. आत इतकं गार होतं की ताईने शाल मागितली. मंचावर रेशमी कापडाखाली नवी गाडी झाकून ठेवली होती आणि नव्या रबराचा वास फुलांच्या वासात मिसळून हॉलभर पसरला होता. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. शब्दपंडित दोन खुर्च्या सोडून होता, त्याने मला नमस्कार केला. मी पर्समध्ये काहीतरी शोधलं. बाळाने मंचावरून भाषण केलं, आईचं नाव घेताना आवाज जड केला, आणि दिवे घालवायला सांगितलं.

पडद्यावर आमची खोली आली. वेताची खुर्ची, कापडाची फुलं. मग ताईचा चेहरा आला, भिंतीएवढा. मला आधी समजेना की मला कसलं भय वाटतंय. सुरकुत्या तिच्या होत्या, ओठ तिचे होते, गालावरचा तीळ होता. दोन्ही डोळे समोर बघत होते. सरळ. एकमेकांसारखे, कुणीतरी पट्टीने आखल्यासारखे. हॉलभर कुजबुज झाली की किती गोड आजी आहेत.

ताईने माझ्या हाताला स्पर्श केला. कानाशी येऊन विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, तूच आहेस, कॉम्प्युटरवर डोळा सरळ केलाय. ती पुन्हा पडद्याकडे वळली. पडद्यावरच्या बाईने ते वाक्य म्हटलं, ल अगदी स्वच्छ, आणि टाळ्या झाल्या. ताई टक लावून बघत होती. जो चेहरा तिने एकदा मागितला होता आणि जो तिला मिळाला नाही, तो तिच्यासमोर टाळ्या घेत होता.

दिवे लागले. बाळ खाली आला, तिला हाताला धरून वर घेऊन गेला. शेवटची पायरी ती चुकली, त्याने सावरलं. त्याने माइक तिच्या हातात दिला आणि कापडाचं टोक दुसऱ्या हातात. नुसतं एकदा नाव घ्यायचं आणि टोक ओढायचं, एवढंच ठरलं होतं. ताईने टोक सोडून दिलं. तिने वर बाळाकडे बघितलं, एका डोळ्याने त्याच्याकडे आणि एका डोळ्याने स्वतःच्या नाकाकडे, नेहमी बघते तसं.

"तुझ्या बापाने हा डोळा सरळ करू दिला नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण माइकमुळे सगळीकडे गेला. "तू मला न विचारता केलास. डोळा माझा आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही."

बाळ हसतच होता. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि हसण्यामागचा माणूस निघून गेला. तो माइककडे हात नेत कुजबुजला की आई, नाव, नुसतं नाव घे.

"तिरळी," ताई म्हणाली. मग तिला वाटलं असावं की लोकांना नीट ऐकू आलं नाही. तिने जीभ मागे वळवून पुन्हा म्हटलं, आणि बाराखडी शिकवताना सांगायची तसं सांगितलं, "बाळातला ळ."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, कुणालातरी लाज वाटेल. बाळाने माइक काढून घेतला, आईच्या खांद्यावर हात टाकला आणि जड आवाजात म्हणाला की आई आज फार भावुक झाली आहे. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहून वाजवल्या. शब्दपंडिताने रुमालाने डोळे टिपले. बाळाने स्वतःच कापड ओढलं, गाडी चकाकली, आणि सगळे मोबाइल वर झाले. खरं बोललेलं त्या हॉलने असं गिळलं की ढेकरही आली नाही. मी आजवर नाला बघितलाय, दाजींची शेड बघितली आहे, तो बिस्किटाचा लगदा बघितलाय. पण त्या टाळ्यांइतकी घाण मी बघितलेली नाही.

ताई पायऱ्या एकटी उतरली. मी तिला धरून बाहेर आणलं. कारखान्याची गाडी दारात उभी होती, ड्रायव्हरने दार उघडलं, ताईने मान हलवली. आम्ही रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि टॅक्सीला हात केला. नशिबाचा खेळ असा की थांबली ती जुनी तिरालीच, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी. ड्रायव्हरने सांभाळून बसा म्हटलं. म्हणाला, "आजी, आमची तिरळी म्हातारी झाली आहे, पण दगा देत नाही."

ताईने विचारलं की तुम्ही हिला तिरळी का म्हणता? तो म्हणाला, सगळेच ड्रायव्हर म्हणतात, गॅरेजवाले पण, हिचा उजवा दिवा आत बघतो ना, कितीही ठोका, परत आत. त्याने आरशातून मागे बघितलं, आणि बघितल्यावर त्याचा चेहरा पडला. बिचारा काहीतरी सारवासारव शोधायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस, समोर बघ," ताई म्हणाली. "दोन्हीकडे बघायचं काम माझं."

तो हसला, तीही हसली. शेडमधलं हसणं मला ठाऊक आहे, हे ते नव्हतं. मी मात्र हसले नाही. काच खाली केली. घर जवळ आलं तसा तिने शालीत हात गुंडाळून घेतला.

"आता यायचा नाही तो," ती म्हणाली.

मी म्हटलं, येईल. ते खोटं होतं आणि मला खोटं नीट बोलता येत नाही.

"संत्री तूच आण आता," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुला तर आवडत नाहीत.

"नाहीत," ताई म्हणाली. "दाराला पिशवी अडकवलेली असली की बरं वाटतं."